ओवा खा, पण गोळीला लाजू नका

पाळीच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या ओव्याच्या पाण्याशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते, नाहीतर नात्यातल्या निम्म्या मावश्या-आत्या तुटून पडतील. पोटात गॅस धरला असेल तर ओवा जरूर चावा, बाळंतशोपा चघळा, सुंठ-गूळ खा. सुंठेवर तर छोटे छोटे अभ्यासही झालेत आणि काही जणींना त्यानं थोडाफार आराम पडलेला दिसलाय. माझी तक्रार वेगळीच आहे. मुलीला पाळीच्या कळा सुटल्या की आपल्याकडे स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडतात, औषधांचा तेवढा उघडत नाही.

"गोळीची सवय लागते." "पुढे मूल व्हायला त्रास होतो." "आम्ही नाही का सोसलं?" मी माध्यमिक शाळेत शिकवते. आठवी-नववीच्या मुली कविता पाठ नसली तरी ही तीन वाक्यं घरून पाठ करून येतात. ओढणी पोटाशी आवळून बाकावर डोकं टेकून बसतात, घामाघूम होतात, पण ऑफिसात गोळी मागायला जायचं म्हटलं की "नको मॅडम, आई रागावेल".

मुळात ही कळ येते कशी? गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागलं की त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं पाझरतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू इतका आवळला जातो की मध्येमध्ये त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा कमी पडतो, आणि दुखतं. ही द्रव्यं पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतात, म्हणून तेच दोन दिवस जीव काढतात. आतड्यांवरही त्यांचा अंमल चालतो. पाळीच्या पहिल्या दिवशी मळमळणं, जुलाब होणं यामागे तेच असतं. आणि घरात मात्र "काल ती पाणीपुरी खाल्लीस ना" म्हणून वर बोलणी बसतात!

आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन ही औषधं हे द्रव्य तयार होणंच रोखतात. आधीच तयार झालेल्याचं ती काही करू शकत नाहीत. सगळी मेख इथं आहे. आपण करतो काय, तर आधी ओवा, मग काढा, मग जरा पडून बघ, आणि रात्री पोरगी तळमळायला लागली की नाइलाजानं अर्धी गोळी. मग म्हणायचं, बघ, गोळीनंही काही होत नाही. पहिली चाहूल लागताच, पोटात चार घास घालून, ठरलेली पूर्ण मात्रा घ्यायची आणि पहिले एक-दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं घेत राहायचं, तरच तिचा उपयोग. साधं पॅरासिटामॉल या दुखण्याला बऱ्याचदा कमी पडतं. सवयीचं म्हणाल, तर तसली सवय या गोळ्यांची लागत नाही. पाळीत एक-दोन दिवस घेतल्यानं पुढे मूल व्हायला अडचण येत नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे आपली गोळी आणि मात्रा एकदा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास असेल तर या गोळ्या परस्पर घेऊच नका. दिवस राहिल्याची शंका असेल तरीही नाही. आपल्याकडे सर्रास मागितली जाणारी मेफ्टाल-स्पास म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड आणि मुरडा सैल करणारं डायसायक्लोमिन अशी जोडगोळी. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली आणि व्हॉट्सॲपवर एकच गहजब झाला. सूचना होती ती एका दुर्मिळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल. गोळी सुरू केल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठींना सूज असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. विष म्हणून डबाच फेकून द्या, असं त्यात कुठंही नव्हतं.

शेक मात्र आज्जींनी अचूक हेरला होता. अमेरिकेत २००१ साली झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटावर दिवसभर ३९ अंशांच्या आसपास ऊब देणारी पट्टी लावली, तर तिचा गुण आयब्युप्रोफेनच्या तोडीस तोड निघाला. दोन्ही एकत्र केल्यावर आराम लवकर पडला. ३९ अंश म्हणजे सुखद कोमट, चटका नव्हे. उकळतं पाणी पिशवीत भरून पोटाची कातडी भाजून घेणाऱ्या मुली मी पाहिल्यात. पिशवीभोवती टॉवेल गुंडाळा. बाकी महिनाभर नियमित चालणं, व्यायाम यानंही कळा कमी होतात, पण ऐन कळांत कुणी सूर्यनमस्कार घालायला सांगितले तर दुर्लक्ष करायला माझी पूर्ण परवानगी आहे.

आणि ज्यांना अंग टाकायला दुपार नाही, त्यांचं काय? ऊसतोडीला गेलेल्या बाईचा एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पाळी असो, अंगावरून जात असो, पहाटे फडात उतरावंच लागतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यात तिशी-पस्तिशीच्या बायकाही होत्या. त्या सगळ्यामागे पाळीचं दुखणंच होतं असं नाही, पण दुखण्यावर वेळेत, नीट, स्वस्तात उपचार न मिळण्याची गोष्ट ती आहेच. "सोसायची सवय लाव" म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा.

सोसण्यात आणखी एक धोका आहे. दर महिन्याला दुखणं वाढतच चाललंय, आजवर न दुखणारी पाळी पंचविशीनंतर एकदम दुखायला लागली, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी कळ येते, तासातासाला पॅड बदलावं लागतं, किंवा वेळेवर गोळी घेऊनही अंथरुणातून उठवत नाही, तर तो घरगुती उपायांचा विषय उरत नाही. एंडोमेट्रिओसिससारखा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा, आजार कळायला अनेकींची कित्येक वर्षं जातात, कारण प्रत्येक जण "बायकांना दुखतंच" म्हणून मोकळा होतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तो नाहीच, असंही नाही. अविवाहित मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेलं तर लोक काय म्हणतील, हा विचार घरी ठेवून जा. "लग्न झालं की थांबेल" असं तिथंही ऐकवलं, तर सरळ दुसरे डॉक्टर गाठा. जाताना दोन-तीन महिन्यांच्या तारखा, कोणती गोळी कधी घेतली, किती वेळ आराम पडला, शाळा किंवा काम किती बुडालं, हे कागदावर लिहून न्या, आणि मुलीला तिचं तिला बोलू द्या.