बारीक कटवर साइड: एका प्रतिक्रियेला उत्तर

पूलमधल्या कटवर, म्हणजे बॉल तिरका कापून पॉकेटमध्ये घालण्यावर, मी लेख लिहिला होता; त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. चिडून लिहिलेली आहे, पण मुद्द्याची आहे, आणि दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की अवघड कटवर आधी वेग ठरवा, मग क्यूची टिप (काठीचं टोक) पांढऱ्या बॉलला वर लावायची की खाली ते ठरवा, साइडचा, म्हणजे टिप डावी-उजवीकडे लावून फिरकी देण्याचा, विचार सगळ्यात शेवटी करा आणि गरज नसेल तर साइड नकोच. तुमचं म्हणणं असं: हा नवशिक्यांचा सल्ला झाला. मुरलेले खेळाडू कटला बाहेरची साइड लावतातच, कारण तिने थ्रो, म्हणजे बॉल घासल्याने दिशा सरकणं, मरतो. माझं ऐकून तुम्ही पांढऱ्याला बरोबर मध्यावर मारून ८ नंबर कापलात, तर तो पॉकेटच्या जबड्यात अडकला, आणि पांढरा सगळं टेबल ओलांडून खालच्या डाव्या कोपऱ्यात इन-ऑफ, म्हणजे तोच पॉकेटमध्ये. वर एक टोला: ‘हे अंशांचं गणित परदेशी व्हिडिओंमधलं, आपल्याकडे हात बसला की झालं.’

आधी थ्रोबद्दल. तो असतो, यात वादच नाही. कट मारताना पांढरा बॉल दुसऱ्याला नुसता ढकलत नाही, थोडा घासत पुढे ओढतो, त्यामुळे तो बॉल ठरलेल्या रेषेपेक्षा जाड, म्हणजे कमी कापल्यासारखा, जातो. संथ, स्टन मारलेल्या (पांढरा न लोळता घसरत लागतो अशा) हाफ बॉलला (पांढरा समोरच्या बॉलचा अर्धा भागच झाकतो अशा कटला) हा फरक पाचेक अंशांपर्यंत जातो. बॉल कळकट असले की आणखी. पावसाळ्यात बिनएसीच्या पार्लरमध्ये, दिवसभरात कुणी बॉलला फडकं लावलेलं नसताना खेळून बघा, नेहमीचे कट आखूड पडायला लागतात. बाहेरची साइड, म्हणजे बॉल उजवीकडे कापायचा असेल तर पांढऱ्याला डावी, बेताने लागली तर दोन्ही बॉल दातेरी चाकांसारखे एकमेकांवर फिरतात आणि घासणं जवळपास संपतं. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण ‘बेताने’ म्हणजे किती? हाफ बॉलला, म्हणजे ३० अंशांच्या कटला, टिप मध्यापासून साधारण ६ मिलिमीटर बाजूला लागावी लागते. ६० अंशांच्या कटला तोच आकडा १० च्या घरात जातो, आणि १४ च्या आसपास तर टिप सटकायलाच लागते. म्हणजे कट जितका बारीक, तितकी जास्त साइड हवी. उलट थ्रो सगळ्यात त्रास देतो तो हाफ बॉलच्या आसपास. त्यापुढच्या बारीक कटला जरा वेग असेल तर तो कमी होत जातो, आणि पांढरा लोळत जाऊन लागला तर आणखी कमी. जिथे आजार हलका आहे तिथेच तुम्ही औषधाचा डोस वाढवताय.

आणि ते औषध फुकट मिळत नाही. साइड मारली की पांढरा क्यूच्या रेषेत जात नाही, उलट्या बाजूला थोडा फेकला जातो. क्यू मागून जरा उचललेला असेल (आणि कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटलेल्या पांढऱ्यावर तो उचलावाच लागतो) तर पुढे जाता जाता तो साइडच्या बाजूला वळतोही, हळू मारलात तर जास्तच. आता हे बघा: सरळ पॉटला, म्हणजे न कापता बॉल पाडताना, पांढरा एक मिलिमीटर इकडेतिकडे लागला तर समोरच्या बॉलची दिशा एका अंशाने हलते. ६० अंशांच्या कटला त्याच एका मिलिमीटरचे दोन अंश होतात. ज्या शॉटला चुकायला जागाच नाही, त्यातच आपण पांढऱ्याची वाट डळमळीत करून घ्यायची, हे मला पटत नाही. महागडा लो डिफ्लेक्शन शाफ्ट (पांढरा कमी फेकणारा, क्यूचा पुढचा दांडा) घेतलात तर फेकलं जाणं कमी होतं, बंद होत नाही; वळण्याला तर शाफ्टचं काही सोयरसुतकच नाही.

मोठे खेळाडू साइड लावतात, हे खरंच आहे. पण त्यातली बहुतेक साइड पॉटसाठी नसते, कुशननंतरच्या वाटेसाठी असते. बॉल पडतो म्हणून आपल्याला वाटतं की तो साइडने पडला.

आता तुमचा ८ नंबर. तुमच्या वर्णनावरून नऊ फुटी टेबलवर मी तो असा मांडला: ८ वरच्या आखूड कुशनपासून मध्ये एक बॉल बसेल इतका दूर आणि उजव्या कोपऱ्यापासून फूटभर. पांढरा टेबलाच्या मधोमध, मधल्या पॉकेटांच्या जरासा पुढे. पुढचा बॉल, ९, खाली, उजव्या अर्ध्यात. कट साधारण ५० अंशांचा. त्या अंतरावर तीनेक अंशांचा थ्रो धरला तर बॉल पॉकेटपाशी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकतो. कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेअकरा सेंटिमीटर, बॉल पावणेसहा. म्हणजे थ्रोने तुमची जवळजवळ सगळी सूट खाल्ली, पण बॉल एकट्या थ्रोने अडवला नाही. तुम्ही दोनेक मिलिमीटर जाडही मारलात. कापायची जागा केसभर बारीक धरली असती तर मध्यावर मारूनसुद्धा ८ गेला असता.

इन-ऑफची गोष्ट वेगळी, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. इथे ८ ला लागल्यावर पांढरा लगेच वरच्या कुशनवर आदळतो, त्याला वळायला अंतरच मिळत नाही. बिनसाइडचा असेल तर किंचित डावीकडे झुकत थेट खाली उतरतो, आणि ती वाट खालच्या डाव्या कोपऱ्याच्या दारातूनच जाते. हे मारायच्या आधी दिसायला हवं होतं. वर-खाली टिप लावून इथे फारसं काही बदलत नाही, वेगाने फक्त तो किती लांब जाईल तेवढं ठरतं. म्हणजे माझ्याच क्रमाने गेलात तर वेग झाला, उंची झाली, दोन्हींनी काम भागत नाही, आता साइड. थोडी डावी. मध्यापासून अर्ध्या टिपच्या पुढे नको. मग पांढरा वरच्या कुशनवरून जास्त डावीकडे फाकतो, डाव्या लांब कुशनला मधल्या पॉकेटच्या खाली लागतो आणि वळून ९ कडे येतो. थ्रो मारायला जेवढी लागेल, म्हणजे ९ मिलिमीटरच्या आसपास, तेवढी डावी लावून बघा: पांढरा इतका फाकतो की डावं मधलं पॉकेटच त्याच्या वाटेत येतं. एका इन-ऑफमधून सुटून दुसऱ्यात.

राहता राहिलं ते ‘परदेशी गणित’. लोळणारा पांढरा हाफ बॉल लागला की ठरावीक कोनात बाजूला वळतो, पाव ते पाऊण बॉलपर्यंत तो कोन तिसाच्या आसपासच राहतो. हे कळण्यासाठी यूट्यूब लागत नव्हतं. बिलियर्ड्समध्ये इन-ऑफला गुण मिळतात, आणि हाफ बॉल इन-ऑफ हा त्या खेळाचा रोजचा भाकरतुकडा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, मुंबईचे मायकल फरेरा पुढे तीनदा झाले. आपल्याकडच्या क्लबांतली जुनी मंडळी कोन डोळ्यांत घेऊन टेबलाभोवती फिरायची. हात बसतो तो असा.

आणि त्याच मांडणीत ९ जर उजव्या मधल्या पॉकेटजवळ असता, तर मी उजवी साइड मारली असती. आतल्या, म्हणजे कापायच्याच बाजूच्या, साइडने कापणं अवघड, पण पांढऱ्याला उजव्या बाजूने खाली उतरवायला तिथे दुसरा उपाय नाही. तीही चिमूटभरच, आणि ८ हुकला तर समोरच्याला काय उरतंय ते आधी बघून.