नुसत्या नळीच्या जोरावर जीप समुद्रातून बाहेर आली नाही

पावसाळा लागला की एक फोटो फॉरवर्ड होत हमखास फिरायला लागतो. लँडिंग क्राफ्टमधून, म्हणजे फौज किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटीतून, पाण्यात उतरलेली लष्करी जीप, बॉनेट बुडालेलं, चालक छातीपर्यंत भिजलेला. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने असा: दुसऱ्या महायुद्धातली साधी जीप एक नळी वर काढून मानेइतक्या समुद्रातून चालत जायची, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर हजारो गाड्या अशाच उतरल्या, एकही अडली नाही, किनाऱ्याला लागताच तडक आघाडीवर गेल्या, आणि आजच्या वीस लाखांच्या एसयूव्ही सबवेतल्या पाण्यात मान टाकतात, कारण त्यांत नको तेवढं इलेक्ट्रॉनिक्स भरलंय. शेवटी सल्ला: स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी, बसवा आणि गाडी बिनधास्त पाण्यात घाला.

असे फोटो खरेच आहेत. मजकुराची मात्र ओळीओळीने झाडाझडती घ्यावी लागते.

आधी ती 'साधी जीप'. कारखान्यातून आलेली विलिज किंवा फोर्डची जीप कसलीही तयारी न करता दीड-पावणेदोन फूट पाण्यातून जाईल, एवढाच तिचा हिशेब होता. आपल्याकडची आजची थार कंपनीच्या आकड्याप्रमाणे ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून जास्त पाणी झेलते. लँड रोव्हर डिफेंडरचा आकडा ९०० मिलिमीटर. म्हणजे जशीच्या तशी जीप घेतली तर फॉरवर्डच्या लाडक्या नायिकेला आजची गाडीच हरवते. फोटोतली जीप साधी नाहीच, ती एकदाच समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्यासाठी तयार केलेली आहे.

आता नळी. खरी गंमत इथे आहे, आणि फॉरवर्डवाल्यांनी नेमकी तीच गाळली आहे. नळी फोटोत दिसते, बाकीचं काम बॉनेटखाली असतं. ब्रिटिश लष्करात १९४२ साली 'रीमी' हे यांत्रिकी दल उभं राहिलं. त्याची एक तुकडी इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर इन्स्टो इथे गाड्या समुद्रात घालून पाणी कुठून शिरतं ते शोधत बसायची. त्यातून तयार झालेलं मुख्य साधन दिसायला अगदीच गबाळं होतं: ग्रीस, चुना आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मळून केलेलं लुकण. ते हाताने दाबून प्लगभोवती, प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर, कॉइलवर, वायरींच्या सांध्यांवर थापायचं. त्याआधी इंजिन लख्ख पुसून घ्यायचं, कारण तेलकट लोखंडावर ते धरत नाही. एखाद्या प्लगच्या मागची न दिसणारी बाजू बोटाने चाचपून भरायची राहिली, तर सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः. (उघड्या हातांनी अ‍ॅस्बेस्टॉस मळायचं! त्या काळी फारसं कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.)

पण सगळंच बुजवून चालत नाही. पेट्रोलची टाकी हवा घेते. तिचं भोक बंद केलं की टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल मिळेनासं होतं. इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर पडायला वाट लागते. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल गरम असतात. थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सील ओलांडून पाणी आत खेचलं जातं. म्हणजे काही तोंडं बंद करायची, काहींना रबरी नळी जोडून पाण्याच्या वर आणायचं, आणि कुठलं कशात मोडतं हे प्रत्येक मॉडेलला वेगळं. जर्मनांनी तर १९४० मध्ये इंग्लंडवरच्या स्वारीसाठी पाण्याखालून चालणारे पँझर-३ रणगाडे तयार केले होते. त्यांना तरंगत्या बोयाला बांधलेली अठरा मीटर लांब नळी होती, पण तोफेचा मनोरा जिथे फिरतो त्या फटीत फुगवायची रबरी ट्यूबही होती. ती स्वारी झाली नाही. त्यांतले काही रणगाडे जून १९४१ मध्ये बुग नदीच्या तळावरून रशियाच्या हद्दीत गेले.

'किनाऱ्याला लागताच तडक आघाडीवर' हे वाक्य याच्या शेजारी ठेवून पाहा. सगळीकडून लिंपलेलं इंजिन तापतं. म्हणून ब्रिटिशांनी हे काम टप्प्यांत वाटलं होतं: बरंचसं आपल्या तळावर, काही बंदराजवळच्या जमावतळावर, आणि अगदी शेवटचं जहाजावर चढल्यावर. कारण शेवटची तोंडं बंद केल्यावर गाडी लांब पळवताच येत नव्हती. किनाऱ्यावर आल्यावर उलटी कसरत: आधी इंजिनाला श्वास घेऊ देणारं लिंपण ओरबाडून काढायचं, मग सवड मिळाली की उरलेलं. त्यानंतर ब्रेक, बेअरिंग, सगळी तेलं तपासायची, कारण खारं पाणी लगेच नाही तरी पुढे दगा देतंच. म्हणजे ही सगळी तयारी एकदाच वापरायची.

'एकही अडली नाही' हा तर निव्वळ बोलाचा भात. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यासमोर एका अमेरिकी बटालियनने कापडी पडद्यांवर तरंगणारे २९ शर्मन रणगाडे खवळलेल्या समुद्रात सोडले, त्यातले २७ बुडाले. हे तरंगणारे, तळावरून चालणारे नव्हेत, पण फॉरवर्डमध्ये दोन्हींची खिचडी असते. आणि गाड्या अडणार हे लष्कराने गृहीतच धरलं होतं. बुडालेल्यांना ओढायला वा ढकलायला शर्मनच्याच सांगाड्यावर उभारलेली 'बार्व' ही खास गाडी होती. ती नऊ फूट पाण्यात काम करायची आणि तिच्या चमूत एक पाणबुड्या असायचा. एकही गाडी अडणार नसती तर पाणबुड्या कशाला लागला असता?

त्यातही लिंपण चोख असलं तरी समुद्राचा तळ कुणाच्या हातात नसतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या तारावा बेटाच्या प्रवाळखडकांवर अमेरिकी तोफांनीच पाडलेल्या, पाण्याखाली न दिसणाऱ्या खड्ड्यांत अमेरिकी शर्मन गेले आणि तिथेच बुडाले. सप्टेंबर १९४५ मध्ये मलायातल्या (आजचा मलेशिया) मोरिबच्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी फौज उतरली तेव्हा जपानने शरणागती पत्करलेली होती, समोरून गोळीबार नव्हता. तरी वरून टणक वाटणाऱ्या वाळूखालच्या चिखलात गाड्यांवर गाड्या रुतल्या. असं किनाऱ्यावर उतरण्याचा सराव आपल्या पुण्याजवळही चालायचा. खडकवासल्याच्या तलावाकाठी युद्धकाळात त्याचं प्रशिक्षण केंद्र होतं, आणि एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) ती जागा निवडली गेली तेव्हा 'अँगोस्टुरा' हे सरावाचं नकली जहाज तिथे होतं.

राहिलं इलेक्ट्रॉनिक्स. १९४४ च्या पेट्रोल इंजिनाची दुखरी नस वीजच होती. डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल गेली की ठिणगी गेली. आजच्या डिझेलला ठिणगी लागतच नाही. पुरात गाडी बऱ्याचदा मरते ती इंजिनाने हवेच्या वाटेने पाणी ओढल्यामुळे. पाणी दाबलं जात नाही, वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि पिस्टनला जोडलेली दांडी, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. जीपच्या २.२ लिटर इंजिनात प्रत्येक पिस्टन टोकाला गेल्यावर त्याच्या वर साधारण १०० मिलिलिटर जागा उरायची. आजच्या डिझेलचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचं प्रमाण, कितीतरी जास्त, म्हणून तिथे ती जागा तीस-पस्तीस मिलिलिटरच असते. चहाच्या कटिंगपेक्षाही कमी पाणी पुरतं.

मग स्नॉर्केल लावलेलं काय वाईट, असं कोणी विचारेल. वाईट काहीच नाही. हवेची वाट उंच होते. अ‍ॅक्सलचे ब्रीदर (हवेची भोकं), दारांचे सांधे, सीटखालच्या वायरी होत्या तिथेच राहतात. शिवाय जीपला दारं नव्हती. पाणी आत शिरायचं, गाडी जड राहायची, टायर तळाला धरून असायचे. बंद एसयूव्ही चार मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरली, तर फरशीच्या वर चढणारं दर दहा सेंटिमीटर पाणी, ते आत शिरेपर्यंत, तिला जवळपास ६८० किलोने उचलायला बघतं. अशी गाडी वाहत्या पाण्यात बंद न पडताही आडवी सरकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत गाड्यांत अडकून माणसं गेली.

आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. वाकलेल्या रॉडचा खर्च नेहमीच्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं.