बाँड फेडण्याची (आणि न फेडण्याची) पद्धत

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालात ना, डॉक्टर? मग आधी दरपत्रक पाठ करा. बाँड म्हणजे प्रवेशावेळी सरकारला लिहून दिलेली हमी: एक वर्ष सरकारी सेवा. ती नको तर १० लाख. पीजीनंतर ५० लाख, सुपरस्पेशालिटीनंतर २ कोटी. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आलेला हा भाव. त्याला दंड म्हणू नका, मनाला लागतं. खासगी कॉलेजातल्या तुमच्या मित्रानं दहा लाख एक-दोन वर्षांच्या फीपायीच मोजलेत. तुम्ही ते शिक्षण संपल्यावर मोजताय, तेही उधारीवर. सरकार शेतकऱ्याशी इतकं गोड वागल्याचं ऐकिवात नाही.

अर्थात, पैसे भरायची घाई नको. 'पीजीची तयारी चालू आहे' एवढं म्हटलं की घरचे, दारचे, सगळेच गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये असले बाँड वैध ठरवले, म्हणून घाबरू नका. सातबाऱ्यावरचं पीकही वैध असतं. ते शेतात उगवलेलं असेलच असं नाही.

नेमणुकांच्या यादीत धडगाव, धारणी, भामरागड असलं दुर्गम आदिवासी भागातलं नाव दिसलं तर भूगोल कामी येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. हे कारण मे महिन्यातही सांगून पाहा, मंत्रालयात कुणाला पर्लकोटा ठाऊक आहे? मैदानी भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी), डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे, असा निकष आहे. म्हणजे डोंगरात गेलात तर दहा हजार माणसं आयती कमी! तरी कुणी जात नाही, नवल आहे.

रुजू व्हायलाच लागलं, तर आधी पाटीखाली फोटो काढा, मग प्रतिनियुक्तीचा अर्ज टाका. नाव पीएचसीत, माणूस जिल्ह्याच्या सिव्हिलला. क्वार्टर गळतं, हे अर्जात जरूर लिहा. नेमकं ते खरं असतं, आणि त्याची दुरुस्ती करण्यापेक्षा तुमची प्रतिनियुक्ती वरच्यांना सोपी पडते. तुम्ही खूश, तेही खूश. रात्री बाळंतीण आलीच तर सिस्टर आहेत, १०८ आहे आणि केसपेपरवर लिहायला 'रेफर' हा शब्द आहे.

फक्त एक पथ्य पाळा. डॉ. हिंमतराव बावस्करांसारखं काही करू नका. महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिले, पुढे प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या औषधानं माणसं वाचतात हे दाखवलं, 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आले. असल्या माणसांमुळे बाकीच्यांची पंचाईत होते.

आणि सिस्टरना एवढं सांगून ठेवा. कुणी म्हातारी काठी टेकत पायरीशी आली, 'नवे डागदर आले का गं?' म्हणाली, तर खोटं बोलायचं नाही.

'आलेत हो आजी. मस्टरवर आहेत.'