‘दोन दगडांवर पाय’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

नर्सिंग आणि समाजकार्य असं दोन्ही शिकून समुपदेशनाकडे वळणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी तिचा सारांश देते. लेख फार लांबला. सरकारी योजनांची माहिती तिथे अस्थानी आहे. नुसतं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून कुणी सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मनोरुग्णांसाठीचा समाजकार्यकर्ता, होत नाही. आणि शेवटी हे वाक्य: “सिस्टरनी सलाईन लावावं, मन ज्यांचं शास्त्र आहे त्यांच्यावर सोडावं. दोन दगडांवर पाय ठेवून समुपदेशन होत नाही, ताई.”

तिसरा मुद्दा बरोबर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार त्या पदाला एमएसडब्ल्यूनंतर त्याच विषयातलं दोन वर्षांचं एमफिल लागतं. लेखात ते एका ओळीत उरकलं होतं, ठळक असतं तर बरं झालं असतं. पण तोच कायदा पुढेही वाचा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे ज्यांची नोंदणी व्हायची त्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांच्या बरोबरीने मानसिक आरोग्य परिचारिकाही आहे. तिचं काम सलाईनपाशी संपतं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आता ते वाक्य. मतभेद असू द्या, पण हा सूर कशासाठी? एखाद्या डॉक्टरने हाच लेख लिहिला असता तर “डॉक्टरांनी गोळ्या द्याव्यात” असं तुम्ही लिहिलं असतं का? नर्सला हाताखालची बाई समजायची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि त्या शेवटच्या ‘ताई’त ती स्पष्ट ऐकू येते. मी दोन्ही पदव्या घेतल्या आहेत आणि दोन्ही कामं गोव्यात केली आहेत. तेव्हा काय जमतं आणि काय जमत नाही, हे मला पुस्तकावरून सांगावं लागत नाही.

आरोग्य केंद्रात येणारी बाई “मला नैराश्य आलंय” म्हणत नाही. ती कोंकणीत म्हणते, “न्हीद येना, तकली फिरता, आंगांत बळ ना.” म्हणजे झोप येत नाही, डोकं गरगरतं, अंगात बळ नाही. तिच्याकडून पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरून घेतलीत तर नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा आणि भूक हे तीन सरळ शरीराचे आहेत. प्रत्येकाचे जास्तीत जास्त तीन-तीन गुण धरले तर तिथेच नऊ गुण होतात, आणि दहाला मध्यम नैराश्य सुरू होतं. हिमोग्लोबिन आठ असलेली किंवा थायरॉइड मंदावलेली बाई मन ठीक असूनही त्या रेषेच्या काठावर येते. म्हणून आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर. मनःस्थितीच्या तीव्र चढउतारांसाठी लिथियम घेणारा माणूस मे महिन्याच्या उकाड्यात जुलाबाने कोरडा पडला, किंवा गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन आठवडाभर खात राहिला, की रक्तातलं लिथियम चढतं आणि हात थरथरू लागतात. ती थरथर चिंतेची समजून श्वासाचे व्यायाम शिकवत बसलात तर माणूस हातचा जाईल. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. रक्त तपासायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी.

दारूचंही तेच. पहिला प्रश्न ‘का पिता?’ हा नसतो, ‘शेवटची कधी घेतली?’ हा असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर काही तासांतच कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. अशा माणसाला समोर बसवून संकल्प करून घेणं हे समुपदेशन नव्हे. त्याला रुग्णालयात पाठवायचं, आणि सलाईनमधून ग्लुकोज जाण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं का हे विचारायचं. हे विचारायला सुचतं ते नर्सलाच. सलाईन लावणं तुम्हाला वाटतं तितकं किरकोळ काम नाही.

तो आठवड्याने घरी परतला की दुसरं शिक्षण कामाला येतं. पगार कुणाच्या हातात पडतो, बायकोचं बँक पुस्तक कुणाकडे असतं, घरभाडं किती थकलंय, संध्याकाळी सहा ते नऊ तो कुठे असतो. गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा या गोवा सरकारच्या आर्थिक मदतीच्या योजना लेखात आल्या त्या याचसाठी. ज्या घरात महिनाअखेर चूल पेटण्याची चिंता आहे तिथे विचार बदलण्याचा गृहपाठ कुणी करत नाही. मात्र अर्ज भरणं आणि मनाचं ऐकणं एकाच बैठकीत करू नका. अर्ज निघाला की माणूस बोलायचा थांबतो.

“ज्यांचं शास्त्र” म्हणता, तर गोव्याचंच घ्या. ‘संगत’ या इथल्या संस्थेने २४ दवाखान्यांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवर केलेला ‘मानस’ अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशक होत्या प्रशिक्षित सामान्य स्त्रिया, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या. सरकारी केंद्रांत फरक दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. पुढे नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका आणि घातक मद्यपानासाठी जास्तीत जास्त चार, अशा दोन पद्धती इथल्याच आरोग्य केंद्रांत तपासल्या गेल्या. त्या चालल्या, आणि त्यांत समुपदेशकांवर नियमित देखरेख होती. आणि दोन दगडांचं म्हणाल तर सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजकार्यकर्त्या, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं.

अडचणी कुठे येतात ते लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगते. नर्सला ‘हे खा, ते करा’ सांगायची सवय असते, ती बैठकीत मोडावी लागते. गणवेशातल्या सिस्टरला लोक तिला आवडेल तेच उत्तर देतात, म्हणून इंजेक्शनच्या टेबलावर समुपदेशन नको. वेगळी खोली, वेगळी वेळ, वेगळी वही. वाड्यावरची माणसं एकमेकांना ओळखतात, तेव्हा कुणाची सासू ओळखीची निघाली तर ती केस दुसऱ्याकडे द्यायची. आणि पीएचक्यूच्या नवव्या, मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर स्पष्ट शब्दांत विचारायचं: मरण्याचा विचार येतो का, कसं करायचं ठरवलंय, कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा घरात आहे का. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी बांबोळीला मनोरुग्णालयात न्यायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांच्या फोनमध्ये आपल्यासमोर साठवून घ्यायचा.

लेखाच्या लांबीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ज्यांना हे काम करायचंय त्यांनी तो पूर्ण वाचला. दारावरच्या पाटीवर काय लिहायचं तेवढं सांगते, कारण तो प्रश्न इतरांनीही विचारला आहे: नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि एमएसडब्ल्यू लिहा. ‘सायकॉलॉजिस्ट’ किंवा ‘थेरपिस्ट’ लिहू नका. औषधाचा डोस बदलायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा, नातेवाईक कितीही गळ घालोत.