वजन उतरले तरी सोरायटिक संधिवाताचे औषध सुटत नाही

‘सोरायटिक संधिवात म्हणजे सुटलेल्या पोटाचा आजार, वजन उतरवा, गोळ्या बंद करा’ अशा आशयाच्या संदेशाबाबत हा खुलासा. सोरायटिक संधिवात म्हणजे सोरायसिस या त्वचाविकाराशी जोडलेला सांध्यांचा दाह. संदेशातील अर्धी गोष्ट खरी आहे. कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) या पाचांपैकी तीन बिघडले की त्यास मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आणि तो या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतो. मात्र संधिवाताचे मूळ रोगप्रतिकार यंत्रणेच्या बिघाडात आहे. तो सडपातळ माणसालाही होतो. चरबीतून स्रवणारी टीएनएफसारखी द्रव्ये दाह वाढवतात व इन्सुलिनचे कामही अडवतात, म्हणून हे दोन्ही विकार परस्परांना खतपाणी घालतात. वजन घटल्यास औषध अधिक लागू पडते, इतकेच. ते परस्पर थांबवल्यास सुजलेले बोट कायमचे वाकडे होऊ शकते.