भोगीची भाजी खाऊन एकवीस किलोमीटर

यंदा, म्हणजे २०२३ साली, मुंबई मॅरेथॉन आणि संक्रांत एकाच दिवशी आली. १५ जानेवारी, रविवार. शनिवारी भोगी, सोमवारी किंक्रांत. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षं रेस झालीच नव्हती, त्यामुळे सगळे धावायला आसुसलेले आणि नेमकी हीच तारीख! आमच्या रनिंग ग्रुपवर डिसेंबरपासून रडारड सुरू होती. "घरी पाहुणे येणार, झोपेचं खोबरं होणार." "भोगीला बाजरी खाल्ली तर रेसमध्ये पोटाचं काय?" एका महाशयांनी तर जाहीर सल्ला दिला की शनिवारी सरळ हॉटेलात खोली घ्या, घरचे काय, दरवर्षी असतातच.

दरवर्षी असतात हे गृहीत धरणाऱ्या माणसाबद्दल मी काही बोलत नाही. पण मुद्द्याचं बोलते. आपण हौशी धावणाऱ्यांनी एक नवीन सोवळं सुरू केलंय. हे चालत नाही, ते चालत नाही, रात्री नऊला दिवे बंद, पोरांनी आवाज करायचा नाही, नणंद आली तरी आपण खोलीत पाय वर करून पडायचं. आजीच्या सोवळ्याला नावं ठेवणारी हीच माणसं. त्या रविवारी इथिओपियाच्या हायले लेमीने पूर्ण मॅरेथॉन २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत मारून इथला कोर्स रेकॉर्ड, म्हणजे या मार्गावरचा विक्रम, मोडला. त्याने आदल्या दिवशी ताटात काय घेतलं याला अर्थ आहे, त्याचं पोट त्या धावण्यावर चालतं. मी त्याच्या निम्मं अंतर, म्हणजे २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन, अडीच तासांच्या आसपास धावते. माझ्यासाठी घराने श्वास रोखून बसायची काही गरज नाही.

आता भोगीचं. आमच्याकडे गिरगावात भोगीची भाजी म्हणजे गंमत नसते. सासूबाई शुक्रवारी संध्याकाळीच भाजी गल्लीतून पिशव्या भरून आणतात. पावटे, ओला हरभरा, तुरीचे दाणे, गाजर, वांगी, शेंगा, आणि शेवटी चार बोरं, उसाचे दोन करवे. हरभरा सोलताना बोटं आंबट होतात, ती चाटायला मुलं आजूबाजूला घुटमळत असतात. शनिवारी सकाळी तिळाचं कूट भाजून घातलं की चाळीच्या जिन्यापर्यंत वास जातो. सोबत वरून तीळ थापलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी. मी नुसतं "उद्या रेस आहे हो आई, मी जरा कमीच..." एवढं म्हटलं तर लगेच, "न खाई भोगी तो सदा रोगी! रेस-बीस तुझी तू बघ."

यात खरं किती आणि बाऊ किती ते सांगते. धावताना रक्त पोटाकडून पायांकडे वळतं, आतडी मंदावतात, आणि तंतुमय अन्न अजून आत असेल तर ते ढवळून निघतं. पावटा आणि हरभरा या बाबतीत अगदी बदनाम. तेव्हा आदल्या दिवशी कडधान्यं बेतानं खा हे कोचचं म्हणणं चूक नाही. पण भोगीचं जेवण दुपारचं असतं! साडेबाराला जेवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला धावायला उभी राहिले तर मध्ये सोळा-सतरा तास जातात. दुपारी पोटभर भाजी-भाकरी खाल्ली, दुसऱ्यांदा वाढताना भाजीऐवजी खिचडी मागितली, रात्री दहीभात. एवढ्यावर प्रश्न मिटला.

बरं, 'कार्बो लोडिंग'च्या, म्हणजे रेसआधी पिष्टमय खाऊन ताकद साठवायच्या, नावाखाली पास्ता शोधत हिंडणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. दर किलो वजनामागे एक किलोमीटर धावायला ढोबळमानाने एक कॅलरी लागते. साठ किलोच्या बाईला २१ किलोमीटरना साडेबाराशेच्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) साठवून ठेवतात, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरी, शिवाय थोडी चरबीही जळतेच. नीट जेवणाऱ्या माणसाची हाफ मॅरेथॉन घरच्या शिदोरीवर होते. भाकरी, खिचडी, भात हे सगळं कार्बच आहे, फक्त पाकिटावर तसं छापलेलं नाही.

पहाटे चर्नी रोडहून लोकल पकडली तर डब्यात निम्मे लोक छातीवर बिब, म्हणजे रेसचा नंबर, लावलेले, आणि एक काका हलव्याच्या दाण्यांची पुडी सगळ्यांपुढे फिरवत होते. यंदा मुंबईत थंडीही चक्क थंडीसारखी पडली होती. हाफ जिथून सुटते त्या माहीमच्या रेती बंदरला पोचलं की पहिलं स्वागत खाडीच्या वासाचं. तिथे धावलेल्या प्रत्येकाच्या नाकात तो कायमचा बसलेला आहे. शौचालयांपुढे ही मोठी रांग. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी काही पावटे खाल्ले नव्हते, हे त्या हॉटेलवाल्या महाशयांना सांगायला हवं.

वांद्रे-वरळी सी लिंकबद्दल मात्र मला नेहमीच जास्त बोलावंसं वाटतं. साडेपाच किलोमीटरचा तो पूल, एरवी तिथे ना पायी जाता येत ना दुचाकीवर. वर्षातून एका पहाटे तो आपल्या पायांखाली येतो. तिथे बघ्यांना जागा नाही, ढोल नाहीत, बँड नाही. हजारो बुटांचा आवाज तेवढा, मध्येच कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणतं आणि मागून "मोरया" येतो. अंधारात केबलचे पंखे डोक्यावरून सरकत जातात. मी तिथे कधीच घड्याळ बघत नाही. वेगाचं काय करायचं ते वरळी सी फेसला उतरल्यावर.

हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ. नवख्यांना तो घाबरवतो, कारण पंधराएक किलोमीटर पायांत गेल्यावर तो येतो. पण तिथले रहिवासी भल्या पहाटे खाली उतरून संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटं, चिक्की वाटत उभे असतात. यंदा ठिकठिकाणी तीळगूळ. एका आजींनी माझ्या हातात वडी कोंबून "गोड बोला गं, पण आधी पळा" म्हटलं. एनर्जी जेलची (साखरेच्या घट्ट पाकाची) पाकिटं खिशात घेऊन धावणाऱ्यांना माझा विरोध नाही, मीही एक घेते. पण चढावर मिळालेली गुळाची चिक्की त्याच कामाची असते. गूळ म्हणजे शेवटी साखरच. तिळाच्या वडीत तेल असतं, ते सावकाश पचतं, म्हणून चावून एकच खाल्ली.

बाबुलनाथ उतरून चौपाटीला आले तेव्हा सूर्य वर येत होता. मरीन ड्राइव्हला तो समुद्रातून उगवत नाही, आपल्या पाठीमागच्या इमारतींवरून येतो आणि आधी मलबार हिलच्या खिडक्या पेटतात. तिथे आमचं अख्खं घर उभं होतं. सासूबाई काळ्या चंद्रकळेत, नवरा मुलीला खांद्यावर घेऊन, नणंद कडेवर सात महिन्यांचं बाळ घेऊन. मी काळाच टी-शर्ट घातला होता, संक्रांत म्हणून. सासूबाईंनी त्यावर पहिल्यांदा मान डोलावली. मग विचारलं, "अजून किती?" चारेक किलोमीटर म्हटल्यावर म्हणाल्या, "मग थांबलीस कशाला? गूळपोळ्या कोण लाटणार?"

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ग्रुपवरच्या पुरुषांचे फोटो आले, मेडल गळ्यात, पाय टबात, हातात कुणीतरी दिलेलं ताट. बायकांचे फोटो दुपारी तीननंतर आले. दोघांनी धावलेलं अंतर तेच. सण असो नसो, पुरुषाच्या रेसच्या दिवशी घर त्याच्याभोवती फिरतं, बाई मात्र घर आवरून रेसला जाते आणि येऊन पुन्हा आवरते. मी सोवळ्यावर टीका करतेय ती घरातल्या बाकीच्यांवर त्याचा भार पडतो म्हणून. तो भार कुणावर पडतो हे नाव घेऊन सांगायला नको. आमच्याकडे यंदा वाटणी लेखी केली, फ्रिजवर चुंबकाने कागद लावून. गूळ किसून, खमंग बेसन, तीळ, खसखस, वेलची घालून सारण शुक्रवारीच तयार. पोळ्या भाजायचं काम नवऱ्याकडे. त्याच्या पहिल्या दोन पोळ्यांतला गूळ फुटून तव्यावर जळला, घरभर धूर झाला, आणि सासूबाईंनी स्वतः तवा न घेता त्याला तिथेच उभं राहू दिलं. हे मेडलपेक्षा मोठं, असं माझं प्रामाणिक मत.

मी मात्र लाटल्या. पाय दुमडत नव्हते म्हणून ओट्याशी उभं राहून. गूळपोळीत सारण कडेपर्यंत गेलं नाही तर ती पोळी नाहीच, असं आमच्याकडे मानतात, आणि थकलेल्या हातांना कडा बरोबर जमतात, कारण घाई करायची ताकद उरलेली नसते. संध्याकाळी बाळाचं बोरनहाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या. खाली पडलेलं गोळा करायला चाळीतली पोरं तुटून पडली. वाकून बोरं वेचायला मी गेले नाही. तेवढं सोवळं मी पाळलं.

आणि ज्यांना वाटतं की सण धावण्याच्या आड येतो, त्यांनी एकदा पंचांग उघडून बघावं. हळदीकुंकू, बोरनहाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. गूळपोळी चार-पाच दिवस टिकते, मुरल्यावर जास्त चांगली लागते. तूप लावून सोमवारी, मंगळवारी खा. सणाने एवढी सवलत आधीच देऊन ठेवली आहे. ताठर आपलं ट्रेनिंगचं वेळापत्रक असतं.

तर आमच्याकडचं हळदीकुंकू रथसप्तमीला, २८ तारखेला शनिवारी संध्याकाळी आहे. ग्रुपमधल्या सगळ्या जणींनी यायचं, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांबचं धावणं, असला तरी. वाण काय लुटायचं यावर घरात एकमत नाही. मी म्हणतेय धावण्याचे मोजे, सासूबाई स्टीलच्या वाट्यांवर अडून आहेत. मतं खाली लिहा, पण वाट्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या वाट्या मोजून याव्यात.