साच्यातली बाहुली म्हणे!

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावरच्या बॅटमनच्या पुतळ्याला शिल्प म्हणत लिहिलं होतं, त्यावर 'एक रसिक' यांची कमेंट आली, "साच्यातून काढलेल्या बाहुलीला शिल्प म्हणू नये, आधी एखादं म्युझियम बघून या, आणि बॅटमन १९४० चा नाही, १९३९ चा." पुढे किमतीवर आणि माझ्या वयावरही बरंच लिहिलंय, ते सोडतो.

वर्षाचं तुमचं बरोबर. तो पहिल्यांदा आला तो डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा २७ वा अंक १९३९ चा, त्याच्या स्वतःच्या नावाचं कॉमिक १९४० ला आलं, माझा घोळ झाला, दुरुस्त केलंय, थँक्यू. पण हे नीट बोलून सांगता आलं असतं ना? "बघून या" काय, मी काय तुमच्या वर्गात बसलोय?

आता साचा. अहो, ब्रॉन्झ तरी कसा करतात? फ्रेंच शिल्पकार रोदँचा 'थिंकर' हा पुतळा जगात वीसपेक्षा जास्त ठिकाणी बसलाय, सगळे ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेले. शिल्पकार करमरकरांनी १९२८ ला केलेला पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळाही ओतीवच, तिथे उभं राहून म्हणा बघू बाहुली.

आणि साच्याबद्दल मला शिकवू नका. माझ्या मामाचा पेणला गणपतीचा कारखाना, दरवर्षी मे महिन्याची सुट्टी तिथेच जायची. साच्यातून मूर्ती निघाली की सांधे घासायचं काम माझं, कानामागचा सांधा राहिला की मामा काही न बोलता मूर्ती परत माझ्यापुढे ठेवायचा. पण डोळ्यांची आखणी फक्त तो करायचा, कारण मूर्ती जिवंत होते ती तिथे. साचा म्हणजे काम संपलं असं ज्याला वाटतं त्याने कारखाना बाहेरूनच बघितलाय.

म्हणूनच हा बॅटमन मला आवडतो. बॅटमनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसीची ती 'ब्लॅक अँड व्हाइट' पुतळ्यांची सिरीज आहे ना, एकेका चित्रकाराच्या बॅटमनवरून केलेली, तिच्यातला हा. रंगाचा आधारच नाही, नुसता काळा-पांढरा आणि करडा. त्यात याला बुबुळंही नाहीत, डोळ्यांच्या जागी पांढऱ्या फटी. म्हणजे मामाचं जे हुकमी काम, आखणी, तेच इथे बाद. मग राग दाखवायचा कुठे? भुवईच्या जागी मुखवट्याला दिलेली ती एक धार, तिची सावली खाली पडते, आणि दाबलेला जबडा. बस्स. दिवा डावीकडे सरकवला तर चिडलेला दिसतो, वरून धरला तर थकलेला, मी रात्री दीड वाजता हे करून बघितलंय (बायकोची प्रतिक्रिया तुमच्याइतकीच प्रेमळ होती).

आणि पाठीवरची ती केप. मायकेलँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्यात उजव्या पायामागे झाडाचा बुंधा आहे, संगमरवराचं वजन पेलायला. इथे तेच काम केप करते, मागे बेसवर टेकते, पण टेकू वाटत नाही, वाऱ्याने आली असं वाटतं. डेव्हिडला बुंधा लपवता आला नाही, याने लपवला. हो, बोललो मी हे, करा आता यावरही कमेंट.

फक्त या वेळी स्वतःच्या नावाने करा. 'एक रसिक' काय!